वर्डप्रेस, सभासद नोंद आणि बातमीपत्र: तिन्ही एकाच यादीवर कसं आणायचं

बहुतेक संस्थांची सभासद यादी चार ठिकाणी असते: खजिनदारांच्या एक्सेलमध्ये, वेबसाइटच्या युजर यादीत, बातमीपत्र पाठवणाऱ्या सेवेत आणि सचिवांच्या फोनमध्ये. सुरुवातीला चारही याद्या सारख्या असतात. मग कोणाचा ईमेल बदलतो, कोणी वर्गणी थांबवतं, कोणाचं निधन होतं, आणि बदल ज्याच्या कानावर आला त्याच्याच यादीत होतो. वर्षभराने गेलेल्या माणसाच्या नावाने नूतनीकरणाची आठवण घरी पोचते आणि वर्गणी भरलेल्याला वेबसाइट आत घेत नाही.

यावर उपाय म्हणून लोक याद्या 'सिंक' करणारं, म्हणजे एकमेकींशी जुळवत राहणारं, एखादं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) शोधतात. तिथेच चुकतं. दोन्हीकडे बदल होऊ देऊन मग जुळवत बसण्यापेक्षा माणसाची माहिती एकाच जागी बदलेल आणि बाकी सगळे तिथून वाचतील अशी मांडणी करायची. ग्रंथालय, गिर्यारोहण संस्था, माजी विद्यार्थी संघ, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ अशा काहीशे ते काही हजार सभासदांच्या संस्थेला पुरेल अशी मांडणी खाली दिली आहे. वेबसाइटसाठी वर्डप्रेस, सभासद नोंदीसाठी सिव्हीसीआरएम, आणि बातमीपत्रासाठी त्यातलाच सिव्हीमेल हा भाग.

सिव्हीसीआरएम हे २००५ पासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते वर्डप्रेसच्या आत प्लगिन म्हणून बसतं, आणि माणशी किंवा ईमेलमागे शुल्क नसतं. पण त्याची निगा ठेवावी लागते. दीडशे सभासद आणि वर्षाला चार पत्रं एवढाच व्याप असेल तर एक नीट ठेवलेलं गुगल शीट पुरतं. हा खटाटोप करू नका.

आधी कागदावर ठरवा

कोणती माहिती कुठे राहील याचा तक्ता समितीकडून आधी मंजूर करून घ्या. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सभासदत्वाचा प्रकार, मुदत, वर्गणीच्या पावत्या, बातमीपत्राला दिलेली संमती, परत आलेले ईमेल हे सगळं सिव्हीसीआरएममध्ये. लेख, छायाचित्रं, कार्यक्रमाची पानं, लॉगिन आणि पासवर्ड वर्डप्रेसमध्ये. वर्डप्रेसच्या युजर प्रोफाइलमध्ये फोन आणि पत्त्याचे जादा रकाने जोडणारं प्लगिन आधीपासून असेल तर ते काढून टाका, नाहीतर सभासद तिथे पत्ता बदलेल आणि कार्यालयाला पत्ताच लागणार नाही. ईमेल हा एकच अपवाद: लॉगिनचा ईमेल आणि सिव्हीसीआरएममधला मुख्य ईमेल एकमेकांशी जुळवण्याची सोय मुळातच आहे, ती चालू ठेवा.

समितीच्या आपसातल्या चर्चेसाठी गुगल ग्रुप असेल तर तो वेगळाच राहू द्या. सिव्हीमेल एकाकडून अनेकांना पाठवण्यासाठी आहे, चर्चेसाठी नाही.

होस्टिंग आणि बसवणी

हे प्लगिन वर्डप्रेसच्या प्लगिन यादीत शोधून सापडत नाही. ते सिव्हीसीआरएमच्या संकेतस्थळावरून उतरवून प्लगिनच्या फोल्डरमध्ये स्वतः टाकावं लागतं. त्यामुळे ते आपोआप अपडेटही होत नाही, हे देखभाल करणाऱ्याच्या वहीत लिहून ठेवा.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (जिथे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात) सगळ्यात आधी अडतं ते डेटाबेसच्या ट्रिगरवर, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या सूचनांवर. सिव्हीसीआरएमला मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ट्रिगर तयार करण्याचा हक्क लागतो. सर्व्हरवर बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) चालू असेल तर नुसता तो हक्क पुरत नाही, सर्व्हरच्या पातळीवरची एक सेटिंगही बदलावी लागते आणि शेअर्ड होस्टिंगवाले ती सहसा बदलत नाहीत. पैसे भरण्याआधी त्यांना लेखी विचारा: ट्रिगर चालतील का, पीएचपीची मेमरी २५६ एमबी किंवा जास्त मिळेल का, आणि दर १५ मिनिटांनी खरा क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरची सोय) लावता येईल का. तिन्हींची उत्तरं 'हो' नसतील तर २ जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस, म्हणजे स्वतःपुरता आभासी सर्व्हर, घ्या.

डेटाबेस वेगळा ठेवा: वर्डप्रेसचा एक, सिव्हीसीआरएमचा दुसरा. मात्र बॅकअप दोन्हींचा एकाच वेळी घ्यायचा. रविवारचं वर्डप्रेस आणि बुधवारचं सिव्हीसीआरएम एकत्र आणलं की कोणता युजर कोणत्या सभासदाचा, हे जोडणाऱ्या नोंदी चुकतात.

बसवल्यावर लगेच तीन कामं करा.

१. आर्थिक वर्षाची सुरुवात १ एप्रिल, चलन रुपया, तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष, वेळ भारतीय. परदेशी मंडळांनी अर्थात आपल्या देशाप्रमाणे.

२. अपलोडच्या फोल्डरमध्ये सिव्हीसीआरएमचं स्वतःचं एक फोल्डर तयार होतं. त्यात लॉग आणि सभासदांनी जोडलेल्या फाइली असतात. अपाचे सर्व्हरवर त्यातल्या संरक्षक फाइलींमुळे ते बाहेरच्यांना आपोआप बंद राहतं. एनजिनेक्स हा दुसरा सर्व्हर मात्र त्या फाइली वाचतच नाही, तिथे नियम हाताने लिहावा लागतो. 'सिस्टिम स्टेटस' पानावर याचा इशारा येतो. तो लपवू नका, दुरुस्त करा.

३. कॅशिंग प्लगिनमध्ये (जे पानाची साठवलेली प्रत पुन्हा पुन्हा देतं) सिव्हीसीआरएमची सगळी पानं वगळा. प्रत्येक फॉर्मबरोबर एक तात्पुरती किल्ली जाते. कॅशमधलं जुनं पान दिलं की जुनी किल्ली जाते आणि सभासदाला 'योग्य की सापडली नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. पैसे भरायला आलेला माणूस तो पाहून निघून जातो. ज्या पानावर वर्गणीचा फॉर्म शॉर्टकोडने (पानाच्या मजकुरात लिहायच्या छोट्या संकेताने) बसवला आहे ते पानही वगळायचं, नुसतं मूळ पान नव्हे. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी पानं साठवून देणारी सेवा असेल तर तिथेही तोच नियम घाला.

एक ईमेल, दोन माणसं

आपल्याकडच्या याद्यांमध्ये नवरा-बायकोचा ईमेल एक असतो, कित्येकदा फोनही एकच. सिव्हीसीआरएमचा मूळ नियम असा की वेबसाइटवरून कोणी फॉर्म भरला आणि तो ईमेल आधीच नोंदीत असेल, तर तो माणूस तोच समजायचा. परिणाम असा होतो की आधी पतीने आणि मग पत्नीने त्याच ईमेलवरून अर्ज भरला तर पतीच्या नोंदीवर पत्नीचं नाव चढतं. पतीचा सभासद क्रमांक, पत्नीचं नाव, आणि एका माणसाची नोंद गायब. एकूण संख्या मोजून पाहिल्याशिवाय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून दुहेरी नोंद ओळखण्याचा नवा नियम बनवून तो 'अनसुपरवाइज्ड' वापरासाठी नेमा, कारण वेबसाइटवरच्या फॉर्मला तोच लागू होतो. गुण असे द्या: पहिलं नाव ७, ईमेल ३, फोन ३, आणि एकूण १० गुण झाले तरच तोच माणूस. नाव आणि ईमेल जुळले तर १०, नाव आणि फोन जुळले तरी १०, पण नुसता ईमेल आणि फोन जुळला तर ६. जोडपं वेगळं राहतं. फोन जुळण्यासाठी सगळे क्रमांक एकाच पद्धतीने, एकतर +९१ सह किंवा फक्त दहा आकडी, ठेवायला हवेत.

या नियमाने थोड्या दुहेरी नोंदी तयार होतील, कारण एकच बाई आपलं नाव एकदा 'Sunita' आणि एकदा 'Suneeta' असं लिहिते. त्या चालतील. दोन नोंदी एक करणं दोन मिनिटांचं काम आहे, पण एक झालेल्या दोन माणसांना पुन्हा वेगळं करणं जवळजवळ अशक्य. आठवड्यातून एकदा दुहेरी नोंदींचा शोध चालवा आणि डोळ्यांनी पाहून विलीन करा.

नावाचे रकाने तीन ठेवा: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. मधलं नाव मधल्या रकान्यातच. आणि देवनागरीत पूर्ण नाव लिहायला एक वेगळा जादा रकाना जोडा. शोध आणि दुहेरी नोंदींची तपासणी रोमन नावावर चालेल, पत्रावर आणि ओळखपत्रावर देवनागरी नाव छापता येईल. दोन्ही लिप्या एकाच रकान्यात मिसळू देऊ नका. तशी यादी नीट क्रमानेही लागत नाही.

वर्डप्रेसमध्ये एका ईमेलवर एकच लॉगिन बनतं. म्हणून एकच ईमेल वापरणाऱ्या जोडप्यात लॉगिन एकाचंच राहील हे आधीच सांगून ठेवा. ज्यांना दोन हवीत त्यांनी दुसरा ईमेल द्यावा.

सभासदत्वाचे प्रकार

सभासदत्व 'देणारी' संस्था म्हणून आपल्या संस्थेची नोंद आधी असावी लागते. मग प्रकार बनवा. मुदतीचे दोन ढंग आहेत: सरकती मुदत, म्हणजे भरल्या दिवसापासून बारा महिने, आणि ठरावीक मुदत, म्हणजे सगळ्यांचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आपल्या संस्थांच्या घटनेत बहुधा दुसरा असतो. तिथे 'रोलओव्हर' दिवस भरायला विसरू नका. तो १ फेब्रुवारी ठेवला तर त्या दिवसापासून पुढे येणाऱ्या नव्या सभासदाला थेट पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत मुदत मिळते. तो नसेल तर मार्चमध्ये वर्गणी भरणाऱ्याचं सभासदत्व महिनाभरात संपतं आणि तो चिडून फोन करतो.

तहहयात सभासदांना शेवटची तारीख नसलेला 'लाइफटाइम' प्रकार द्या. २०९९ सारखी खोटी तारीख घालू नका, अहवालात ती नको तिथे उगवते.

सभासदाची स्थिती तारखांवरून आपोआप ठरते: नवा, चालू, सवलतीचा काळ, मुदत संपलेला. मूळ नियमात सवलतीचा काळ एक महिन्याचा आहे. तुमच्या घटनेत तीन महिने असतील तर नियमच बदला. स्थिती हाताने पक्की करायची सोय आहे, पण ती लावली की त्या माणसाची स्थिती आपोआप बदलणं थांबतं. एखाद्याची मुदत वाढवायची असेल तर शेवटची तारीख बदला, स्थिती नाही.

कुटुंब सभासदत्वासाठी 'कुटुंब' ही नोंद बनवून माणसं नात्याने जोडा आणि सभासदत्व त्या नात्यातून खाली उतरू द्या. वर्गणी एकदाच येते, स्थिती सगळ्यांची एकत्र बदलते.

जुनी यादी आत आणताना

क्रम असा: आधी माणसं, मग कुटुंबाची नाती, मग सभासदत्व, शेवटी जुन्या वर्गण्या. जुना सभासद क्रमांक 'एक्स्टर्नल आयडेंटिफायर' या रकान्यात घाला. पुढच्या प्रत्येक फाइलमध्ये माणूस त्याच क्रमांकावरून ओळखला जातो, नावावरून नाही.

एक्सेलमधून फाइल काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. नुसत्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. फोनचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर +९१ लावलेले लांब आकडे घातांकाच्या रूपात जातात. तारखांचा क्रम आयात करताना स्वतः निवडा. ०४/०३ हे ४ मार्च की ३ एप्रिल हे यंत्राला कळत नाही, आणि दोन्ही तारखा वैध असल्यामुळे चूकही दाखवली जात नाही.

आयात उलटवता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी त्या फाइलच्या नावाचा एक टॅग लावा आणि आधी वीस ओळींची फाइल घालून बघा. त्या विसांत एक जोडपं, एक तहहयात सभासद, एक मुदत संपलेला आणि एक ईमेल नसलेला माणूस मुद्दाम घ्या.

सभासदत्वाच्या तीन तारखा वेगळ्या आहेत: पहिल्यांदा सभासद झाल्याची, सध्याच्या सलग काळाची सुरुवात, आणि शेवट. १९९८ मध्ये सभासद झालेल्या माणसाच्या पहिल्या रकान्यात १९९८ यायला हवं. 'पंचवीस वर्षं सभासद' अशी यादी कधीतरी लागतेच.

वर्गणीचा फॉर्म आणि यूपीआय

वर्गणीचं पान सिव्हीसीआरएममध्ये बनवा आणि शॉर्टकोडने वर्डप्रेसच्या पानात बसवा. एका पानावर एकच शॉर्टकोड ठेवा. दोन घातले तर पूर्ण फॉर्मऐवजी नुसता सारांश आणि दुवा दिसतो.

आपल्याकडे बरीच वर्गणी यूपीआयने येते. पेमेंट गेटवे (साइटवर ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) नसेल तर 'नंतर भरतो' हा पर्याय चालू करा आणि पोचपावतीच्या मजकुरात संस्थेचा यूपीआय आयडी द्या. क्यूआर कोड आभाराच्या पानावर ठेवा. अर्ज आला की सभासदत्व 'प्रलंबित' राहतं. खजिनदारांनी बँकेच्या खात्यात रक्कम पाहून ती वर्गणी 'पूर्ण' करायची आणि व्यवहार क्रमांकाच्या रकान्यात यूपीआयचा बारा आकडी संदर्भ लिहायचा. त्या क्षणी सभासदत्व आपोआप चालू होतं. इथे खजिनदार हमखास एक गोष्ट करतात: प्रलंबित वर्गणी तशीच ठेवून नवी वर्गणी हाताने नोंदवतात. पैसे दिसतात, सभासदत्व मात्र प्रलंबितच. त्यांना ही एकच कृती शेजारी बसून दाखवा.

गेटवे वापरणार असाल तर पैसे जमा झाल्याचा त्यांचा संदेश आपल्या सर्व्हरपर्यंत पोचतो की नाही हे एक रुपयाच्या खऱ्या व्यवहाराने तपासा. सुरक्षा प्लगिन किंवा फायरवॉल तो अडवते तेव्हा पैसे जातात आणि नोंद होत नाही.

सभासद वर्गणी आणि देणगी हे आर्थिक प्रकार पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळते अशा ('८०जी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) संस्थेला देणग्यांचं वार्षिक विवरण भरताना फक्त देणगीदारांची यादी काढावी लागते.

फक्त सभासदांसाठीची पानं

'सिव्हीसीआरएम मेंबर सिंक' हे वर्डप्रेसचं प्लगिन सभासदत्वाची स्थिती पाहून युजरला हक्क देतं किंवा काढतं. प्रत्येक प्रकारासाठी एक नियम लिहायचा: नवा, चालू आणि सवलतीचा काळ असेल तर आत, मुदत संपलेला, रद्द किंवा निधन झालेला असेल तर बाहेर. भूमिका बदलण्यापेक्षा क्षमता जोडण्याचा पर्याय निवडा. भूमिका बदलली तर संपादक असलेल्या सभासदाची वर्गणी संपल्यावर त्याचं संपादकपदही जातं.

आता सगळ्यात मोठी गळती. पान बंद केलं तरी त्या पानावरची पीडीएफ बंद होत नाही. वर्डप्रेसच्या अपलोड फोल्डरमधली फाइल ज्याच्याकडे दुवा आहे त्या कोणालाही उघडते, शोधयंत्रांनासुद्धा. सभासदांचे पत्ते असलेली निर्देशिका पीडीएफमध्ये टाकणाऱ्या संस्थांनी हे आजच तपासावं: खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता, तो दुवा उघडून पाहा. अशा फाइली वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवून, लॉगिन तपासूनच देणारं प्लगिन वापरावं लागतं. मात्र सगळं अपलोड फोल्डर सरसकट बंद करू नका. बातमीपत्रातली चित्रंही तिथूनच येतात आणि ती सगळ्यांच्या मेलमध्ये कोरी दिसू लागतील.

आरएसएस फीड (नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी), साइटवरचा शोध आणि वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना मजकूर देणारी सोय) या तीन वाटांनीही बंद लेखाचा मजकूर बाहेर येतो. लॉगिन न करता तिन्ही तपासा.

बातमीपत्र: आधी डोमेन, मग मजकूर

पाठवणारा पत्ता संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरचाच हवा. जीमेलचा पत्ता 'कडून' म्हणून लावून दुसऱ्या सर्व्हरवरून पाठवलेलं पत्र खोटं समजलं जातं.

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पाठवू शकतात. डीकेआयएम पत्रावर सही करतं. डीमार्क सांगतं की हे जुळलं नाही तर काय करायचं. एसपीएफची नोंद डोमेनवर एकच असावी. ऑफिसचा मेल गुगलवर आणि बातमीपत्र दुसऱ्या सेवेवरून जात असेल तर दोन्ही सर्व्हर त्या एकाच नोंदीत लिहायचे. दोन वेगळ्या नोंदी केल्या की दोन्ही बाद होतात, आणि एका नोंदीत दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तरी तेच. डीमार्क सुरुवातीला फक्त अहवाल मागणाऱ्या धोरणावर ठेवा, महिनाभर अहवाल पाहा, मगच कडक करा.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना हे सगळं सक्तीचं केलं. जीमेलला दिवसाला ५,००० पत्रं पाठवणारा त्यांच्या लेखी मोठा. त्याला तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय लागते, आणि स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. तुम्ही १,२०० जणांना पाठवत असलात तरी हेच नियम पाळा.

होस्टिंगच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवरून बातमीपत्र पाठवू नका. ॲमेझॉन एसईएससारखी सेवा हजार पत्रांना साधारण १० सेंट घेते आणि तिचं मुंबई केंद्रही आहे. नवं खातं चाचणीच्या चौकटीत असतं: दिवसाला २०० पत्रं, तीही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो, त्यात यादी कशी जमली आणि बाहेर पडायची सोय काय हे नीट लिहा. परत येणाऱ्या पत्रांचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खात्याची चौकशी सुरू होते आणि १० टक्क्यांवर पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. म्हणून दहा वर्षांची जुनी यादी पहिल्याच दिवशी एकदम पाठवू नका. आधी गेल्या वर्षी वर्गणी भरलेले, मग त्याआधीचे, अशा टप्प्यांनी जा.

परत आलेल्या पत्रांसाठी वेगळी मेलपेटी लागते, तिच्या पत्त्यात अधिक चिन्हानंतर काहीही लिहिलं तरी मेल पोचायला हवी. सिव्हीमेल प्रत्येक पत्राला वेगळा परतीचा पत्ता लावतं, त्यावरून कोणाचं पत्र परत आलं हे कळतं. पत्ताच अस्तित्वात नसेल तर पहिल्याच वेळी तो ईमेल थांबवला जातो. पेटी भरलेली असेल तर तिसऱ्या वेळी. एसईएससाठी 'एअरमेल' हे एक्स्टेन्शन (सिव्हीसीआरएमला जोडायचं सॉफ्टवेअर) ही माहिती थेट आणतं, मग पेटी वाचण्याची गरज उरत नाही.

क्रॉन सर्व्हरचा लावा. वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन कोणी साइटवर आलं तरच चालतो. दर १५ मिनिटांनी सिव्हीसीआरएमची ठरलेली कामं चालवणारी ओळ लावायची. सेवेची मर्यादा तासाला २०० पत्रांची असेल तर एका फेरीत ५० ठेवा. मग १,२०० पत्रांना सहा तास लागतील. संध्याकाळच्या कार्यक्रमाची आठवण त्याच दुपारी पाठवणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

लॉगिन न केलेल्या माणसालाही 'सिव्हीमेलची सबस्क्राइब आणि अनसबस्क्राइब पानं' पाहण्याची परवानगी द्या. ती नसेल तर बाहेर पडण्याच्या दुव्यावर 'प्रवेश नाही' येतं, आणि वैतागलेला वाचक मग स्पॅमचं बटण दाबतो.

यादीतून बाहेर पडण्याच्या दोन पातळ्या आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. एकात माणूस त्या गटातून, म्हणजे मासिक बातमीपत्रातून बाहेर पडतो. दुसऱ्यात तो सगळ्याच सामूहिक मेलमधून बाहेर पडतो, आणि मग वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचनाही सिव्हीमेल त्याला पाठवत नाही. पत्राच्या तळाशी फक्त पहिला दुवा ठळक द्या. सभेच्या सूचनेआधी दर वर्षी 'सामूहिक मेल नको' म्हटलेले, ईमेल थांबवलेले आणि ईमेल नसलेले अशा मतदार सभासदांची यादी काढा आणि त्यांना सूचना टपालाने पाठवा. कोरम आणि निवडणुकीच्या वादात हीच यादी उपयोगी पडते.

एक ईमेल दोघांचा असेल तर पाठवताना 'दुहेरी ईमेल वगळा' हा पर्याय लावा. आणि 'बाहेर पडलो तरी पत्र येतंय' अशी तक्रार आली की आधी त्याच ईमेलवरची दुसरी नोंद शोधा; बहुतेक वेळा ती जोडीदाराची असते.

संमती हा औपचारिक रकाना नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असावं असं म्हटलं आहे. सभासद अर्जात बातमीपत्राची चौकट वेगळी आणि रिकामी ठेवा. वेबसाइटवरून थेट नोंदणी असेल तर दुहेरी पुष्टी (ईमेलवर आलेल्या दुव्यावर क्लिक केल्यावरच नोंदणी पक्की) चालू करा, नाहीतर बॉट शेकडो परके पत्ते भरतात.

मजकुराबद्दल एकच: लेख पूर्ण चिकटवू नका, तीन ओळी आणि साइटचा दुवा द्या. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं पत्र कापतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणून मराठी पत्र इंग्रजीपेक्षा लवकर कापलं जातं आणि तळाचा बाहेर पडण्याचा दुवाच दिसेनासा होतो.

नूतनीकरणाच्या आठवणी

मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी, ७ दिवस आधी आणि संपल्यावर १५ दिवसांनी, अशा तीन पुरतात. पत्रात असा दुवा घालता येतो की सभासद लॉगिन न करता थेट स्वतःच्या भरलेल्या फॉर्मवर पोचतो. त्या दुव्यातली किल्ली मूळ सेटिंगप्रमाणे ७ दिवसच चालते. ३० दिवस आधी गेलेलं पत्र लोक दहाव्या दिवशी उघडतात आणि फॉर्म रिकामा दिसतो. ही मुदत वाढवून ३५ दिवस करा. आणि पत्रात ठळक लिहा की हा दुवा फक्त तुमच्यासाठी आहे, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवू नका. ज्याच्या हाती तो पडेल त्याला तुमचा पत्ता आणि फोन दिसतो.

नवी आठवण चालू करताना ती कोणत्या तारखेपासून लागू, हा रकाना भरा. तो रिकामा ठेवला तर वर्षांपूर्वी सोडून गेलेल्यांनाही पत्रं जाण्याचा धोका असतो.

चाचणीची प्रत आणि हस्तांतर

अपग्रेडआधी साइटची प्रत काढून त्यावर प्रयोग करणं योग्यच, पण त्या प्रतीत खरे सभासद आणि खरे ईमेल असतात. प्रत उघडताच सिव्हीसीआरएमचं 'एन्व्हायर्नमेंट' प्रॉडक्शनवरून (खरी साइट) स्टेजिंगवर (चाचणीची प्रत) न्या, म्हणजे ठरलेली कामं आणि मेल थांबतात. क्रॉन त्यानंतरच जोडा, शक्यतो जोडूच नका. मूळ साइटवर प्लगिनचं फोल्डर बदलल्यावर डेटाबेसचं अपग्रेड वेगळं चालवावं लागतं. ते विसरलं तर बाहेरून साइट ठीक दिसते आणि वर्गणीचे फॉर्म बिघडतात.

समिती बदलते तेव्हा पासवर्डपेक्षा मालकी महत्त्वाची. डोमेन, होस्टिंग आणि मेल सेवा ही तिन्ही खाती कोणा कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर नकोत; संस्थेच्या डोमेनवरच्या आणि दोघा पदाधिकाऱ्यांना पोचणाऱ्या पत्त्यावर ठेवा. डोमेनच्या खात्याचा पुनर्प्राप्ती ईमेल मात्र त्याच डोमेनवर नको, कारण नूतनीकरण चुकून डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो.